कुंडीतली भाजी : तास, लिटर आणि किलो छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बाल्कनीत, खिडकीच्या जाळीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात भाजी कशी पिकवावी, यावर वृत्तपत्रांतून आता नेमाने मजकूर येतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘भरपूर ऊन’, ‘मध्यम आकाराची कुंडी’, ‘गरजेपुरते पाणी’ आणि ‘अधूनमधून खत’ या शब्दांबद्दल. पाककृतीत निदान मीठच काय ते चवीनुसार असते, इथे सगळेच चवीनुसार! वाचक रोपे आणतो, दीड महिन्यात ती झुरतात, आणि ‘आपला हात झाडाला लागत नाही’ असे म्हणून तो कुंड्या जिन्याखाली रचून ठेवतो. हाताचा दोष क्वचितच असतो. चुकते ते माप, म्हणून काही मापे इथे देत आहे.

पहिले माप उन्हाचे, आणि ते तासांतच मोजावे लागते. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि वेलभाज्या यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते. मुळा, गाजर, बीट ४ ते ६ तासांत भागवतात. पालक, मेथी, कोथिंबीर, चुका, पुदिना यांना ३ ते ४ तास पुरतात. थेट ऊन म्हणजे हाताची सावली कडेने स्पष्ट उमटेल असे ऊन. उजेड वेगळा. आपला डोळा उजेडाशी इतक्या सहज जुळवून घेतो की चांगली लख्ख वाटणारी खोली झाडाच्या लेखी अंधारी असते. त्यामुळे अंदाज करू नये. सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ पर्यंत तासातासाला पाहून कागदावर खूण करावी. ऊन फरशीवर पडते का ते पाहून उपयोग नाही. रोप जिथे उभे राहणार त्या उंचीवर पाहावे, कारण कठड्याची सावली खाली वेगळी आणि वर वेगळी असते.

हीच नोंद तीन-चार महिन्यांनी पुन्हा करावी लागते. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणमुखी बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो. म्हणजे जिथे हिवाळ्यात टोमॅटो लगडतात तिथेच उन्हाळ्यात फक्त पालेभाजी घ्यावी, असे होऊ शकते. पश्चिमेकडचे दुपारचे ऊन तासांत पुरेसे भरले तरी कुंडीच्या भिंती तापवते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हाताला चटका देईल इतकी गरम होते आणि त्या बाजूची मुळे मरतात. अशा ठिकाणी कुंडीला गोणपाट गुंडाळावे किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवावी.

ऊन कमी असल्याची खूण म्हणजे लांब, बारीक, उजेडाकडे झुकलेली खोडे आणि फुलांचा पत्ता नाही. नेमक्या याच वेळी घाबरून नत्रयुक्त खत दिले जाते. त्याने पाने आणखी वाढतात, फुले आणखी लांबतात. उन्हाची भरपाई कोणतेही खत करत नाही. ३ तासांहून कमी ऊन असेल तर मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळे असतानाच कापून खायचे कोंब, घ्यावेत, किंवा पालेभाजीवर १५ ते ३० सेंमी अंतरावर पांढऱ्या एलईडीच्या नळ्या लावून त्या रोज १४ ते १६ तास चालू ठेवाव्यात. मायक्रोग्रीन्ससाठी शेतीच्या बियाण्याची पुडी मात्र वापरू नका. त्यातले बरेच बियाणे बुरशीनाशक लावलेले आणि ओळखू यावे म्हणून रंगवलेले असते. ते पेरायचे असते, आणि इथे तर बी रुजल्यावर आठ-दहा दिवसांत कोंब पोटात जाणार.

दुसरे माप लिटरचे. ‘मोठी कुंडी’ म्हणजे केवढी? टोमॅटोला २० लिटर, वांग्याला १५ ते २०, भेंडीला १२ ते १५ पण खोली ३० सेंमी हवीच, कारण तिचे सोटमूळ सरळ खाली जाते. मिरचीला १० ते १२ लिटर. काकडी, दोडका, दुधी यांना ३० ते ४० लिटर, आणि त्यातही वेल एकच. पालेभाजीला लिटरपेक्षा पसरटपणा महत्त्वाचा, १५ सेंमी खोल ट्रे पुरतो. गाजराला २५ ते ३० सेंमी खोल, खडेविरहित माती लागते. वाटेत खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात.

ग्रो बॅग घेताना इथे एक फसगत होते. १२ बाय १२ इंचांची गोल बॅग म्हणजे व्यास आणि उंची १२ इंच असेल तर तिच्यात सुमारे २२ लिटर मिश्रण मावते. पण काही पिशव्यांवर छापलेली रुंदी ही पिशवी सपाट पसरल्यावरची असते. ती भरून गोल झाली की व्यास त्या रुंदीच्या ०.६४ पट, म्हणजे १२ इंचांचा पावणेआठ इंच होतो आणि मावते जेमतेम ९ लिटर. टोमॅटोसाठी आणलेली पिशवी मिरचीलाही अपुरी पडते! घेताना टेपने घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे.

आता कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याबद्दल. ही समजूत इतकी रुजली आहे की माहीतगार लोकही ती पुढे चालवतात. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते पाणी सहज उतरत नाही. मातीचा सर्वांत खालचा थर पूर्ण चिंब झाल्यावरच पाणी खाली गळू लागते. म्हणजे खडी घातल्याने तो चिखलाचा थर नाहीसा होत नाही, उलट तेवढाच वर, मुळांच्या दिशेने सरकतो, आणि मातीची जागाही खडी खाते. घरच्या स्पंजवर हे पाहता येते. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा. लगेच आणखी पाणी गळेल. स्पंज तोच आणि त्याच्या तळाशी अडकणाऱ्या चिंब थराची उंचीही तीच. पण उभ्या स्पंजाचा तळ लहान, म्हणून त्या थरात पाणी कमी मावते. यातूनच कळते की तेच मिश्रण उथळ कुंडीत जास्त चिखलते आणि खोल कुंडीत मुळांना जास्त हवा मिळते. तेव्हा भोकावर जाळीचा किंवा नारळाच्या काथ्याचा एक तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाने भरावी. भोके मात्र २० लिटरच्या कुंडीला १ सेंमीची निदान पाच-सहा हवीत, आणि कुंडी फरशीला चिकटून बसू नये म्हणून खाली विटा.

नुसती बागेतली माती कुंडीत घालू नये. जमिनीत गांडुळे आणि खोल मुळे तिला पोकळ ठेवतात. कुंडीत रोजच्या पाण्याने ती दोन महिन्यांत विटेसारखी बसते. आकारमानाने २ भाग माती, १ भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि १ भाग कोकोपीट (नारळाचा भुसा) अथवा भाताचे तूस हे जमिनीवरच्या कुंडीसाठी ठीक. गच्चीवर वजन कमी हवे, म्हणून माती काढून २ भाग कोकोपीट, १ भाग कंपोस्ट आणि अर्धा भाग तूस किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) घ्यावे. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की सुमारे ६५ ते ७५ लिटर होते. ती भिजवून, पिळून, पाणी टाकून देणे हे दोन-तीनदा करावे. नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, न धुता वापरले तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात आणि दोष मात्र बियाण्याला जातो.

कंपोस्ट पिकले आहे की नाही, हे वासावरून बहुधा कळते. अमोनियाचा किंवा आंबूस वास येत असेल तर थांबावे. खात्रीसाठी वाटीभर कंपोस्टमध्ये मेथीचे दहा दाणे आणि वाटीभर साध्या मातीत दहा दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले तर पिकले. कच्चे कंपोस्ट कुंडीतच कुजत राहते, त्यातले जिवाणू नत्र स्वतःकडे ओढतात, आणि रोप खतात उभे राहूनही पिवळे पडते.

पाण्याचे माप लिटरमध्ये देता येत नाही, ते बोटाने घ्यावे लागते. तर्जनी ५ सेंमी, म्हणजे साधारण दुसऱ्या पेरापर्यंत, मातीत घालावी. तिथे कोरडे लागले तरच पाणी. कोकोपीट इथे फसवते. वरचा थर दोन तासांत फिकट आणि कोरडा दिसतो, आत मात्र चिंब असते. कुंडी उचलून पाहण्याची सवय लागली तर बोटही लागत नाही. पाणी दिले की असे द्यावे, की दिलेल्याचा दहावा हिस्सा तरी खालून बाहेर यावा, त्याबरोबर साचलेले क्षारही निघतात. रोज पेलाभर शिंपडल्याने वरची ५ सेंमी ओली राहते आणि मुळेही तिथेच फिरत राहतात. एखादी कुंडी पूर्ण सुकली असेल तर माती आक्रसून कडेने फट पडते आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. खालून पाणी आले म्हणजे झाड प्यायले, असे समजू नये. अशी कुंडी अर्धा तास टबात उभी करावी.

दुपारी मलूल झालेले झाड संध्याकाळी ताजे होत असेल तर त्याला जादा पाणी नको. सकाळीही माना टाकलेल्या असतील तर बोट घाला. माती कोरडी असेल तर तहान. ओली असेल तर मुळे कुजली आहेत, आणि त्याला आणखी पाणी देणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे.

दोन-चार दिवस घर बंद राहणार असेल तर दोन बादल्यांची कुंडी कामाची. २० लिटरच्या सारख्या दोन बादल्या घ्या. आतल्या बादलीच्या तळाला मधोमध भोक पाडून त्यात सगळीकडून छिद्रे पाडलेला प्लॅस्टिकचा पेला बसवा, आजूबाजूला ५-६ मिमीची वीसेक छिद्रे पाडा. एकात एक बसवल्यावर दोन तळांमध्ये ६ ते ७ सेंमी पोकळी राहिली पाहिजे. तेवढी राहत नसेल तर खाली आधाराला डब्या ठेवा. पेला बाहेरच्या तळाला टेकला पाहिजे. पाणी भरायला २५ मिमीची नळी वरपासून त्या पोकळीपर्यंत, खालचे टोक तिरपे कापलेले, नाहीतर ते तळाला टेकून बंद होते. बाहेरच्या बादलीला, आतल्या तळाच्या १ सेंमी खाली, जादा पाणी निघून जाण्यासाठी एक भोक. बहुतेक जण हेच विसरतात आणि पहिल्या मोठ्या पावसात झाड बुडते. पेल्यात ओले मिश्रण घट्ट दाबून भरा, कारण पाणी त्यातूनच वर चढते. मिश्रण कोकोपीट-कंपोस्टचेच हवे. खाली साठते ३ लिटरच्या आसपास. मिरचीला ते दोन-तीन दिवस पुरेल, फळांवर आलेला टोमॅटो कडक उन्हात दीड दिवसात संपवेल. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत, कारण इथे पाण्याचा प्रवास एरवी फक्त वरच्या दिशेने असतो.

फुले आली पण फळ धरत नाही, ही उंच मजल्यांवरची नेहमीची तक्रार. टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात, पण परागकण सुटायला फूल हलावे लागते. बंद बाल्कनीत वारा नाही, कीटक नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या झुबक्याच्या देठाला बोटाने टिचकी मारावी किंवा इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवावा. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४ च्या वर राहिले तर मात्र टिचक्या मारूनही फूल गळते, त्याला इलाज नाही. वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बहुधा नर फुलेच येतात, ती गळाली म्हणून काळजी नको. नर फूल खुडून, पाकळ्या काढून, पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलके फिरवावे. वेळ पाळावी लागते. काकडी, कारले, भोपळा आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दुधीच्या मादी फुलापाशी सकाळी अकराला कुंचला घेऊन उभे राहणाऱ्याच्या पदरी काय पडणार?

खताबाबत थोडक्यात. २० लिटरच्या कुंडीला दर १५ ते २० दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, फळभाजी असेल तर फुले दिसू लागल्यावर शिवाय आठवड्याला विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बहुधा ते मातीत असते, पण कठीण पाण्यामुळे सामू (pH) वाढून अडकलेले असते. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून खपली धरते, तेव्हा सगळे अंड्याची टरफले शोधतात. टरफल मातीत विरघळायला फार वेळ घेते, आणि कॅल्शियम बहुतेकदा मातीत असतेच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जाते, पाणी कधी तुडुंब कधी कोरडे असे झाले की पोचत नाही. केळीच्या सालींचे पाणी, तांदळाचे धुवण, चहाचा चोथा हे थेट कुंडीत ओतल्याने चिलटे मात्र हमखास येतात. या सगळ्याची जागा कंपोस्टच्या डब्यात, एका भागाला दोन-तीन भाग सुका पाला घालून.

किडींमध्ये मिरचीची पाने आकसवणारा चुरडामुरडा सर्वांत छळतो, आणि त्यावर सरसकट एकच औषध सांगितले जाते. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे (थ्रिप्स), खालच्या बाजूला वळून लांबट झाली असतील तर कोळी (माइट्स). फुलकिड्यांवर कडुनिंबाचे तेल ५ मिली आणि द्रवरूप साबण १ ते २ मिली, १ लिटर पाण्यात. साबण आधी कोमट पाण्यात, मग तेल, मग उरलेले पाणी, नाहीतर तेल तरंगते आणि पाने भाजतात. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून, दर ७ दिवसांनी तीनदा, द्रावण त्याच दिवशी संपवावे. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम. तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा तेल फवारल्यावर दोन आठवड्यांच्या आत गंधक वापरले तर पाने करपतात. पिठ्या ढेकूण दिसले तर आधी मुंग्यांची वाट शोधा, त्याच त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

तिसरे माप किलोचे, आणि ते चुकले तर भाजीपुरते भागत नाही. गच्चीवर १ मीटर बाय १ मीटरचा ३० सेंमी खोल वाफा म्हणजे ३०० लिटर. ओली माती लिटरला दीड ते पावणेदोन किलो भरते, म्हणजे एका चौरस मीटरवर ४५० ते ५२५ किलो. माणसांना वावरता येईल अशा निवासी गच्चीचे आराखडे करताना चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या आसपासचा वापराचा भार धरण्याची रीत आहे. हिशोब उघड आहे. कोकोपीटचे मिश्रण भिजल्यावर लिटरला किलोच्या आसपास राहते, म्हणून त्याचाही १५ सेंमीपेक्षा खोल सलग वाफा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये. जड कुंड्या तुळई आणि भिंतीलगत ठेवाव्यात, स्लॅबच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या टोकाशी नको. कठड्यावर कुंडी ठेवणे तर कोणत्याच हिशोबात बसत नाही. माती थेट गच्चीवर पसरू नये, मुळे जलरोधक थरात शिरतात आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. कुंड्यांखालच्या बशांतले पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून टाकावे, डासांची पैदास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. रंगाचे आणि रसायनांचे रिकामे डबे खाण्याच्या झाडांना वापरू नयेत. जुन्या इमारतीच्या रंगाचे पोपडे जिथे गळतात तिथली मातीही नको, त्यात शिसे असू शकते.

आपणास विनंती एवढीच की यापुढे भाजीची माहिती देताना तिच्या नावापुढे तीन आकडे तरी छापावेत: उन्हाचे तास, कुंडीचे लिटर आणि ती भिजल्यावरचे किलो. उदाहरणार्थ, मातीच्या मिश्रणात लावलेली मिरची: ६ तास, १२ लिटर, १८ किलो. किंवा पालक: ४ तास, १५ सेंमी खोल ट्रे, बुडखा ३ सेंमी राखून कापल्यास तीन-चार कापण्या. एक ओळही लागत नाही, आणि बियाण्याची पुडी फोडण्याआधीच वाचकाला कळेल की हे आपल्या खिडकीत बसते की नाही.

कळावे,
एक वाचक